पाय सोड इकडं

वारीतला दिवे घाट आला आणि गेला. दरवर्षी टीव्हीवर बघून तो घाट मनात केवढा मोठा झाला होता. आता त्यातलं आठवतं ते पुढच्या बाईच्या डोक्यावरून पाठीवर सोडलेलं निळं प्लॅस्टिक, त्यावर वाजणारा पाऊस, आणि दोन्ही कडांना काठीवर मोबाइल लावून उभी राहिलेली पोरं. पुणे ते सासवड हा ३० किलोमीटरच्या वरचा टप्पा. बूट भिजले, मोजे भिजले, रात्री तंबूत अंथरूण भिजलं. मग जेजुरी झाली, वाल्हे झालं. नीरेच्या पाण्यात माउलींच्या पादुकांना स्नान घालत होते तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते आणि मध्ये घुसलेल्या एका बाईशी भांडत होते. लांबून टाळांचा गजर ऐकू आला, तसे दोघींचे हात आपोआप जोडले गेले. हात खाली आले आणि भांडण पुढे चालू.

मी गावच्याच दिंडीतून गेले होते. रथामागची दिंडी, भिशी म्हणजे दिंडीची वर्गणी परवडणारी, ओळखीची माणसं. ओळखीची माणसं हेच मला नको होतं. पण मुलगी म्हणाली, आई, अनोळखी दिंडीत तुला एकटीला सोडणार नाही.

यजमान गेल्यापासून मी काही गोष्टी सोडल्या होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. उलट तेराव्यानंतर सासूबाईंनी स्वतः टिकलीचं पाकीट माझ्या हातात ठेवलं होतं. मीच ते कपाटात आत सारलं. गडद रंगाच्या साड्या जावेला दिल्या. लग्नकार्यात मागच्या रांगेत बसायचं, फोटो काढताना बाजूला व्हायचं, आणि हसू आलं तर पदर तोंडावर घ्यायचा. हे मी माझं मीच ठरवलं होतं आणि इतकं नेमाने पाळत होते की पुढेपुढे तो माझा स्वभावच आहे असं लोकांना वाटू लागलं. २०२२ साली आमच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं, सगळं बंद. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. ती बातमी मी दोनदा वाचली, मला फार बरं वाटलं, आणि त्याच संध्याकाळी भाचीच्या डोहाळजेवणाला न जाण्यासाठी कारण शोधत बसले. ठराव गावाने केला होता. माझ्या मनातल्या ग्रामसभेपुढे तो आलाच नव्हता.

वारीत पहिल्याच सकाळी काकड्यानंतर गोपीचंदन आणि बुक्का घेऊन एक बाबा रांगेने येत होते. मी नेहमीसारखी मान मागे घेतली. त्यांनी कपाळाला बोट लावलं आणि पुढे गेले. त्यांच्यासाठी मी ओळीतलं एक कपाळ होते. दिवसभर मी तो बुक्का पुसला नाही, पण तो आहे हे विसरलेही नाही.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. अश्व इतक्या जवळून गेला की वारा अंगावर आला. तरडगाव, फलटण. फलटणच्या आसपास कधीतरी टाचांना फोड आले आणि तिथून पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेलेत. त्यातली समाज आरती मात्र लख्ख आठवते. तळावर सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंग टिपेला गेलेले, आणि चोपदाराने दंड वर केला की क्षणात सगळं गप्प. एवढा समुदाय, आणि एका काठीवर शांत होतो! फक्त एका दिंडीचे टाळ चालूच राहिले. मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘न्हाई, तक्रार हाय त्यांची.’ ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं असेल ती टाळ थांबवत नाही. मग चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात, आणि मगच टाळ थांबतात. त्यानंतर हरवलं-सापडलं पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात आणि आरती होते. त्या रात्रीची तक्रार पाण्याच्या टँकरची होती. लाखभर माणसांसमोर, माउलींसमोर, पाण्याची तक्रार. कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही, कोणी नाक मुरडलं नाही. मी कितीतरी वेळ त्या दिंडीतल्या बायकांकडे बघत राहिले.

बरड सोडून नातेपुत्याकडे निघालो तो दिवस. पाऊस गेला होता आणि ऊन असं काही पडलं होतं की डांबर चपलेला धरत होतं. बूट मी कधीच पिशवीत टाकले होते. डाव्या टाचेखालचा फोड टम्म भरलेला. पाऊल टेकलं की कळ थेट मांडीत जायची. धर्मपुरीच्या पुढे मी दिंडीच्या मागे पडू लागले. गौळणी चालल्या होत्या, त्यांचा आवाज लांब लांब जात होता आणि मला रागच येत होता. दिंडीचा, उन्हाचा, मला इथे पाठवणाऱ्या मुलीचा. विठ्ठलाचाही आला. घरी बसून नाव घेतलं असतं तर चाललं नसतं का?

‘कुठं निघालीस अशी लंगडत? बस हितं.’

बाभळीच्या सावलीत एक म्हातारी बसली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, शेजारी तुळशीवृंदावन, कपाळभर बुक्का. परभणीकडची. मी म्हटलं, ‘नको आजी, दिंडी पुढे गेली.’

‘जाईना. पंढरपूर कुठं जायलंय? पाय सोड इकडं.’

मी रस्त्याकडे पाठ करून बसू लागले तशी तिने मला खांद्याला धरून सावलीच्या अंगाला फिरवलं, तोंड रस्त्याकडे. माझा पाय उचलून तिने आपल्या मांडीवर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या वयाच्या बाईच्या मांडीवर माझा चिखलाने भरलेला पाय! आणि समोरून दिंड्यामागून दिंड्या चाललेल्या.

‘आजी, लोक बघतायत.’

‘बघू दे की. त्यांचे बी पाय दुखायलेत.’

कनवटीची चंची काढून तिने सुई घेतली, दोरा ओवला. काडी पेटवून सुईचं टोक तापवलं, दोरा हळदीच्या बोटाने ओढून पिवळा केला. सुई फोडाच्या एका कडेने आत, दुसऱ्या कडेने बाहेर. कातडीला कळतसुद्धा नाही. पाणी दोऱ्यावरून घळाघळा आलं. दोरा तिने तसाच आत ठेवला आणि दोन्ही टोकं बोटभर राखून दाताने तोडली. ‘काढू नको. गळत ऱ्हाईल आपोआप.’

मग उजवा पाय घेतला. तो बघता बघता तिने विचारलं, ‘मालक संगं हायेत?’

‘नाहीत. वारले.’

‘माझे बी गेले. धाकटं रांगत होतं तवा.’ सुई थांबली नाही. अरेरे नाही, काय झालं होतं नाही, पोरंबाळं किती नाही. त्या एका वाक्यात तिचं आणि माझं झालं, आणि ती पुन्हा फोड चाचपू लागली. मला रडू फुटलं. मोठ्याने. दवाखान्यातून बॉडी घरी आणली तेव्हाही मी असं रडले नव्हते, कारण अंगण माणसांनी भरलं होतं.

‘दुखायलंय का?’

मी मानेने नाही म्हटलं.

‘मग रड,’ ती म्हणाली आणि पाय घट्ट धरून ठेवला. माझं आवरेपर्यंत ती तशीच बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्या ओळखीच्यांना ‘माउली, माउली’ म्हणत होती, एकाकडून तंबाखू मागून घेतली, आणि शेवटी फडक्यातली अर्धी भाकरी काढून माझ्या हातावर ठेवली. वर मिरचीचा ठेचा. निघताना मी तिच्या पाया पडायला वाकले तशी तीही वाकली आणि आमची डोकी एकमेकींवर आपटली. तिने वृंदावन डोक्यावर चढवलं आणि माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने निघून गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं. पुढे प्रत्येक तळावर नजर तिला शोधत होती.

नातेपुते, माळशिरस, वेळापूर. सदाशिवनगरचं गोल रिंगण मी दोरे लोंबणाऱ्या टाचांनी, चवड्यावर उभं राहून पाहिलं.

वाखरीच्या अलीकडे बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण संपलं आणि सगळीकडे फुगड्या सुरू झाल्या. मी पिशव्या सांभाळत बसले होते. दुसऱ्या कुठल्यातरी दिंडीतली एक मुलगी, सोळा-सतराची, समोर आली. ‘माउली, या ना.’ पिशव्या आहेत म्हणाले. तिने पिशव्या उचलून आमच्या गल्लीतल्या वहिनींच्या पुढ्यात ठेवल्या. ज्यांच्या खिडकीवरून जाताना मी आजवर पदर सारखा करत आले त्याच वहिनी. मी उठले. आधी हळू, टाचा सांभाळत. मग तिने वेग घेतला आणि मला घ्यावा लागला, आणि मग मीच घेतला. गरगरत असताना वहिनींच्या हातात वर धरलेला मोबाइल दिसला. पुन्हा दिसला. मी थांबले नाही. पांडुरंगाची शपथ, त्या वेळी मनात कोणीही नव्हतं. यजमानही नव्हते. आणि त्याचं ओझं मला आजतागायत वाटलेलं नाही.

रात्री तंबूत वहिनी म्हणाल्या, ‘आज लई रंगला होता तुम्ही.’ सूर कसला होता ते मी नेहमीप्रमाणे तोलायला लागले. ‘व्हिडिओ काढलाय. टाकू ग्रुपवर?’

मी म्हटलं, ‘आधी दाखवा.’

केस सुटलेले, पदर खांद्यावरून गळून कोपरावर आलेला, तोंड उघडं, दात दिसतायत. हे तोंड मी किती वर्षांनी बघत होते. ‘टाका,’ म्हटलं.

सकाळी बरेच हात जोडलेले आले होते. जावेने लिहिलं होतं, ‘मजा चाललीय.’ एवढंच. वाखरीतून निघाल्यावर बराच रस्ता ते दोन शब्द माझ्याबरोबर चालत होते. कळस दिसला तेव्हा ते कुठे सुटले ते सांगता येणार नाही. मुलीचा निरोप होता, ‘आई, दात दिसले तुझे.’

दर्शनाच्या रांगेला मी गेले नाही. चंद्रभागेत पाय बुडवले, दोरे ओढून काढले, नामदेव पायरीला डोकं टेकवलं आणि एसटी धरली.

परवा दिंडीची बैठक झाली. दरवर्षी बायका अशा बैठकीला मागे बसून, चहा पिऊन परत येतात. मी उठून सांगितलं की बायकांच्या तंबूला रात्रभर दिवा हवा, तंबू ट्रकपासून लांब नको, आणि टँकरवर बायकांची रांग वेगळी हवी. प्रमुख म्हणाले, ‘बघू की ताई, अजून वर्ष आहे.’

मी म्हटलं, ‘बघू नका. वही काढा, आत्ता लिहून घ्या.’