बर्फातला जवान, आणि आप्पांचा चष्मा

रविवार, रात्र

सकाळी फॅमिली ग्रुपवर परत तोच फोटो आला. भुवया, मिशी, सगळं बर्फाने गोठलेला जवान आणि खाली "सियाचीनमध्ये तुमच्यासाठी उभा आहे, हिरोइनला लाखो लाईक, याला एक तरी द्या, खरे भारतीय असाल तर १० जणांना पाठवा". काकांनी पाठवलेला. मी आप्पांना दाखवला. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झाले. त्यांनी चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि चेहऱ्याकडे बघितलंच नाही, आधी टोपी बघितली, मग खांदा, मग रायफलचा पट्टा. म्हणाले, "ह्यो आपला न्हाय. वर्दीच आपली न्हाय ही."

सियाचीनचे म्हणून फिरणारे असले काही फोटो रशियन सैनिकांचे निघालेत हे मी आधी वाचलेलं, पण आप्पांच्या तोंडून ऐकलं तेव्हा वेगळंच वाईट वाटलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथे हिमस्खलनात आपले १० जवान गाडले गेले, लान्स नायक हनुमंतप्पा ६ दिवसांनी बर्फाखालून जिवंत निघाले आणि तरी वाचले नाहीत, आणि त्या दहात एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. एवढं खरं आपल्याकडे असताना दुसऱ्या देशाचा फोटो कशाला लागतो लोकांना?

दिवसभर तेच डोक्यात. पोस्ट खरी का खोटी हे शोधता येतं, पण ती आपल्याला खेळवतेय का हे कसं ओळखायचं? मला वाटतं ती आपल्याकडून काय मागते ते बघायचं. जवानाबद्दल काहीतरी सांगणारी पोस्ट नाव सांगते, गाव सांगते, काय झालं ते सांगते. ह्या फोटोत त्यातलं काहीच नाही, फक्त मला लाज वाटावी आणि त्या लाजेपोटी मी बटण दाबावं एवढीच सोय केलेली. आर्मीसाठी रोज १ रुपया या खात्यात टाका असाही मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, तो दिशाभूल करणारा आहे असं सरकारने सांगून झालं तरी प्रत्येक हल्ल्यानंतर परत उगवतो. कारण त्या दिवसांत आपण सगळेच हळवे झालेलो असतो.

गेल्या वर्षीचा म्हणजे २०२५ चा मे महिना तर मी विसरूच शकत नाही. ऑपरेशन सिंदूर सुरू झालं ७ मेला आणि दुसऱ्या दिवशी रात्री ग्रुपवर नुसता पाऊस, कराची बंदर उडवलं, हे विमान पाडलं, ते शहर घेतलं. कराचीचा म्हणून फिरणारा एक व्हिडिओ अमेरिकेत फिलाडेल्फियाला विमान कोसळलं होतं तिथला निघाला, आणि काही क्लिप तर आर्मा ३ नावाच्या व्हिडिओ गेममधल्या. मावशीचा मुलगा तेव्हा जम्मूकडे पोस्टिंगला. फोन लागत नव्हता. कुणीतरी "चौकी उडवली, इतके शहीद" असं टाकलं आणि मावशी पहाटेपर्यंत फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून होती, दुधाचं पातेलं तसंच ओट्यावर. सकाळी त्याचा फोन आला. तो मेसेज टाकणाऱ्याने नंतर एक अक्षर लिहिलं नाही. त्याच दिवशी संरक्षण मंत्रालयाने सांगितलं की सैन्याच्या हालचाली लाइव्ह दाखवू नका, आणि २६/११ ला ते दाखवल्याने काय झालं हे आपल्या मुंबईएवढं कुणाला माहिती असेल, तरी "आमच्या इथून रणगाडे चाललेत बघा" असे व्हिडिओ सुरूच.

पण सगळ्यात जास्त मला लागलं ते त्याआधीच्या एप्रिलमधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतरचं. २६ माणसं गेली, त्यातली ६ आपल्या महाराष्ट्रातली. नौदलातल्या त्या लेफ्टनंटच्या मृतदेहाशेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा फोटो सगळ्यांनी लावला, मीही स्टेटसला लावला होता. त्या फोटोत काही खोटं नव्हतं. आणि काही दिवसांनी तीच मुलगी म्हणाली की मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला न्याय हवाय, तर तिलाच इतक्या घाण शिव्या घातल्या की महिला आयोगाला बोलावं लागलं. हल्ला झाला तेव्हा लग्नाला आठवडाही झाला नव्हता तिच्या. तेव्हा मला कळलं की फोटो खरा असला तरी पोस्ट माणसाला वापरणारी असू शकते, ती मुलगी गप्प बसली होती तोवरच ती हवी होती त्यांना.

संध्याकाळी काकांना पर्सनलवर लिहिलं, ग्रुपवर नाही, काका वयाने मोठे आहेत आणि मनाने वाईट अजिबात नाहीत, १५ ऑगस्टला अजूनही झेंडावंदनाला इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांच्या आधी हजर असतात. ब्लू टिक आली, उत्तर नाही आलं अजून.

जेवण झाल्यावर आप्पा म्हणाले, त्या आपल्या सातारच्या पोराचं नाव टाकतो मी ग्रुपवर. मी टाइप करून देते म्हटलं तर नको म्हणाले. आत्ता बाहेर पडवीत बसलेत, एका बोटाने टाइप करतायत, मगाशी आत येऊन विचारून गेले, सियाचीनमधली 'ची' पहिली का दुसरी.