राजापूरचे इंग्रज, वासोट्याची कैद

बामणोलीला पोचलो तेव्हा शिवसागरवर धुकं तसंच बसलेलं. लाँच मध्यावर आल्यावर नावाडीमामा म्हणाले, "खाली आख्खी गावं हायती, पावनं." कोयनेच्या धरणात गेलेली. धाकट्या भावाने लाइफ जॅकेटची पट्टी आणखी आवळली.

वासोटा किल्ल्यावर बरेच जण जंगलासाठी जातात. मी निघालो होतो राजापूरपायी. अर्जुना नदीकाठचं ते बंदर. घाटावरचा माल तिथे उतरायचा, म्हणून इंग्रजांनी मिरी-कापडासाठी वखार घातली होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा पन्हाळ्याला वेढा पडला, तेव्हा हे वखारवाले तोफा घेऊन घाट चढून आले आणि चक्क आपलं निशाण लावून गडावर गोळे टाकले. व्यापाऱ्याला नसती उठाठेव! १६६१ मध्ये महाराजांनी राजापूर गाठलं, वखार खणून काढली आणि प्रमुख हेन्री रेव्हिंग्टनसकट इंग्रज धरले. त्यातले काही इथे, वासोट्यावर आणून ठेवले.

पायथ्याला चौकीत आमच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या मोजल्या. सात. अनामत भरली आणि चढायला लागलो. झाडी इतकी गच्च, की दहा वाजले तरी पायाखाली ओल होती. वर बिनछपराचा मारुती आणि वाड्याची जोती.

कैद्यांनी सुटकेसाठी सुरतेला, कंपनीच्या मुख्य वखारीला पत्रं धाडली. मार्च १६६२ मध्ये वरिष्ठांनी उलट त्यांनाच झापलं: कंपनीचा माल राखताना नव्हे, पन्हाळ्यावर निशाण लावून गोळे फेकलेत म्हणून तुम्ही कैदेत पडलात. सुटायला १६६३ उजाडलं. तरी १६७४ मध्ये कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा राजापूरच्या भरपाईचं घोडं पुढे दामटलंच. दहा हजार होन कबूल करून घेतले.

समोर जुना वासोटा. १८१८ मध्ये इंग्रजांनी तिथून तोफा डागून हा गड घेतला, तेव्हाही आत दोन इंग्रज कैदी होते, हंटर आणि मॉरिसन.

बाबूकड्यावर भाकरी-ठेचा सोडला. पश्चिमेला कोकण खोल खाली, निळसर. समुद्राचा पत्ता नाही. "बंदरावर मिरीची पोती मोजणारा माणूस इथं आणून बसवायचा म्हणजे..." भाऊ म्हणाला, आणि उरलेलं वाक्य ठेच्याच्या ठसक्यात गेलं.

उतरल्यावर बाटल्या पुन्हा मोजल्या. सहा भरल्या. सातवी कड्यावरच राहिली होती. अनामत गेली.