६८ पिचेस आणि मॅनेजर निघाला मैदानात

फिलाडेल्फियाच्या आसपास राहणाऱ्या माणसाला बेसबॉल टाळता येत नाही, आणि मला तर टाळायचाही नाहीये. दरवर्षी मार्चच्या शेवटी सीझन सुरू झाला की मला आमच्या बेसबॉल टीमचा, फिलीजचा, २०१८ चा पहिला आठवडा आठवतो आणि आजही तितकाच संताप येतो. तिकडे अमेरिकेत मॅनेजरवरून लोक एवढे का भडकतात असं बरेच जण विचारतात, म्हणून ही गोष्ट एकदा नीट सांगतो.

आधी एक नियम लक्षात घ्या, कारण सगळा राग त्यावरच आहे. क्रिकेटमध्ये कॅप्टनने बॉलर बदलला तरी तो मिडऑनला उभा असतो, दहा ओव्हरनंतर परत आणता येतो. बेसबॉलमध्ये पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, मॅचमधून बाहेर काढलं की तो त्या दिवसापुरता संपला, परत येणं नाही. आणि काढायचं कधी हे डगआऊटमध्ये बसलेला मॅनेजर ठरवतो.

२९ मार्च २०१८, अटलांटा, सीझनची पहिली मॅच. आमचा सगळ्यात चांगला पिचर ॲरन नोला टाकत होता, फिलीज ५-० ने पुढे, सहाव्या इनिंगमध्ये एक आऊट झालेला, एक रनर बेसवर, आणि नोलाच्या फक्त ६८ पिचेस (टाकलेले बॉल) झालेल्या. एरवी असा पिचर ९०-१०० पर्यंत आरामात जातो. पण नवा मॅनेजर गेब कॅप्लर बाहेर आला आणि त्याने नोलाला काढलं, का तर पुढचा बॅटर फ्रेडी फ्रीमन, डावखुरा, आणि तो नोलासमोर तिसऱ्यांदा येत होता. म्हणून डावखुरा रिलीव्हर (मधेच बदली येणारा पिचर) होबी मिल्नर आणला, आणि फ्रीमनने त्यालाच होमरन ठोकला, ५-२. मग हळूहळू सगळी लीड गेली आणि नवव्या इनिंगमध्ये अटलांटाच्या निक मार्केकिसने तीन रनांचा होमरन मारून मॅच ८-५ अशी संपवली.

आता आकड्यांचं म्हणाल तर त्यात खोटं काही नाही. एकच पिचर बॅटरसमोर तिसऱ्यांदा आला की बॅटरला तो जास्त चांगला कळलेला असतो, डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर साधारणपणे जड जातो, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींमधून दिसलेलं आहे आणि मला मान्य आहे. पण हा सरासरीचा हिशोब झाला, आणि त्या दिवशी टाकणारा नोला सरासरी नव्हता. आणि मुख्य म्हणजे नोलाच्या जागी जे रिलीव्हर येणार त्यांच्यापैकी कोण यंदा लयीत आहे हे पहिल्याच दिवशी कोणाला माहीत असणार? एका बाजूला डोळ्यांसमोर नीट टाकणारा माणूस आणि दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीचे आकडे, त्यात मॅनेजरने आकडे निवडले.

बरं, सीझनच्या सुरुवातीला हात जपायचा असतो, हेही ठीक. १६२ मॅचेस खेळायच्या असतात. पण मग जपलं काय? एकाचा हात वाचवायला रोज बुलपेनमधले (रिलीव्हर तयार होतात ती जागा) चार-पाच हात खर्ची घातले! दुसरी मॅच नऊऐवजी ११ इनिंग्जपर्यंत गेली, ती जिंकलो, पण रिलीव्हर आणखी दमले. तिसऱ्या दिवशी, ३१ मार्चला, कॅप्लरने तिसऱ्या इनिंगमध्येच परत मिल्नरला बोलावलं आणि तो बिचारा वॉर्मअप न करताच आला, कारण बुलपेनला निरोपच नीट पोचला नव्हता. थंड हाताने जोरात टाकलं तर खांदा जाऊ शकतो, म्हणून अंपायरने त्याला थोड्या जास्तीच्या पिचेस टाकू दिल्या, त्यावरून अटलांटाचा मॅनेजर ब्रायन स्निटकर इतका चिडला की त्यालाच मैदानाबाहेर काढलं. ती मॅच १५-२ ने हरलो आणि शेवटी पेद्रो फ्लोरिमॉन या इनफिल्डरला पिचिंग करायला लागलं. हात जपण्याचं धोरण आणि तिसऱ्याच दिवशी टाकायला पिचर शिल्लक नाही, मला अजूनही हे पचत नाही.

शेजारी एक आजोबा राहतात, लहानपणापासून फिलीजचे. त्यांना १९६४ पाठ आहे. तेव्हा १२ मॅचेस उरलेल्या असताना फिलीज साडेसहा गेम्सनी पुढे होते आणि ओळीने १० हरले, मॅनेजर जीन मॉकने जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या दोघांनाच दोन-दोन दिवसांच्या विश्रांतीवर परत परत उतरवलं. म्हणजे तिथे दोन हात फार वापरले आणि इथे एक फार कमी. आजोबांचं म्हणणं असं की दोघांनीही समोरच्या पिचरकडे बघितलंच नाही, एकाला घाबरल्यामुळे दिसला नाही आणि दुसऱ्याला कागदामुळे. मला हे शंभर टक्के पटतं.

५ एप्रिलला घरच्या मैदानावर पहिली मॅच होती. तोवर एक जिंकलेली आणि चार हरलेल्या, आणि कॅप्लरचं नाव पुकारल्यावर सिटिझन्स बँक पार्कमध्ये लोकांनी जोरदार बू केलं. बाहेरचे म्हणतात फिलाडेल्फियाचे लोक उद्धट, नवीन काही चालत नाही त्यांना. साफ चूक. दोनच महिने आधी, ४ फेब्रुवारीला, इथल्या अमेरिकन फुटबॉल टीमचा, ईगल्सचा, कोच डग पीडरसनने सुपर बोलच्या फायनलमध्ये चौथ्या डाऊनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, हातातले सोपे तीन पॉइंट सोडून एरवी पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकलाच पास झेलायला लावला, टचडाऊन झाला, आणि याच शहराने त्याला डोक्यावर घेतलं. धाडस इथे आवडतं. पण पीडरसनने धाडस केलं ते आपल्या खेळाडूंवर विश्वास टाकून, आणि कॅप्लरने केलं ते आपल्या सगळ्यात भरवशाच्या माणसावर अविश्वास दाखवून. बू त्या अविश्वासाला होतं असं मला वाटतं, निदान माझं तरी तेच होतं.

त्या दिवशी मायामीला ५-० ने हरवलं, आणि कॅप्लरही पुढे सुधारला हे सांगायलाच हवं. नोलाला लांब टाकू दिलं, त्याने त्या वर्षी २१२ च्या वर इनिंग्ज टाकल्या, १७ जिंकल्या, दर नऊ इनिंग्जला सरासरी २.३७ रन दिले, आणि सर्वोत्तम पिचरच्या साय यंग अवॉर्डच्या मतदानात तिसरा आला. ऑगस्टच्या सुरुवातीला टीम आपल्या गटात पहिल्या नंबरवर होती, मग घसरली आणि ८०-८२ वर संपली. २०१९ च्या सीझननंतर कॅप्लरला काढलं, तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि २०२१ मध्ये तिथे १०७ मॅचेस जिंकून मॅनेजर ऑफ द इयर झाला. माणूस हुशार आहे, प्रश्नच नाही.

२०२० पासून नियमही बदललाय, आता आलेल्या रिलीव्हरला किमान तीन बॅटरना टाकावं लागतं किंवा इनिंग संपवावी लागते, त्यामुळे एकेका बॅटरसाठी एकेक पिचर हा प्रकार बराच कमी झाला. पण सुरुवातीच्या पिचरला कधी काढायचं हे अजून पूर्ण मॅनेजरच्याच हातात आहे, आणि एप्रिलमध्ये आमचा पिचर लयीत असताना सहाव्या इनिंगला मॅनेजर बुलपेनचा फोन उचलताना दिसला की आजोबा आणि मी, दोघेही टीव्हीसमोर ओरडतो, राहू दे त्याला!