मध्यंतराची घंटा

ऑगस्ट स्ट्रिंडबर्ग या स्वीडिश नाटककाराच्या १८८८ सालच्या ‘मिस ज्यूली’चा मराठी प्रयोग गेल्या रविवारी ठाण्यात पाहिला. संस्था हौशी होती, पण नाटक कष्टाने बसवले होते, आणि खरी कमाई अनुवादात होती. नोकर ज्याँ उमरावाच्या मुलीशी ‘अहो बाईसाहेब’ असे बोलत असतो आणि पुढे तीच त्याला ‘मला तू म्हण’ असे विनवते. स्वीडिशमध्येही हा भेद असल्याने मूळ संवाद असाच आहे; इंग्रजी अनुवादात मात्र तो निसटतो. या घरात आहोत तोवर आपल्यातली भिंत पडायची नाही, हे ज्याँचे उत्तर त्यामुळे मराठीत फार झोंबते.

तक्रार आहे ती मध्यंतराची. मध्यंतरात प्रेक्षक भानावर येतो आणि लेखकाने घातलेली मोहिनी उतरते, असे स्ट्रिंडबर्गने प्रस्तावनेतच मांडले आहे, म्हणून सुमारे दीड तासाचे हे नाटक त्याने अंक न पाडता लिहिले. ज्यूली आणि ज्याँ त्याच्या खोलीत दडल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात गावकरी गात-नाचत शिरतात; प्रेक्षकाला विसावा मिळावा, पण खुर्ची सोडता येऊ नये, अशी ती योजना आहे. इथे नेमका तोच नाच गाळून पंधरा मिनिटे थांबवले होते. बंद दाराआड काय घडत असेल या अस्वस्थतेत बसायचे सोडून आम्ही बटाटेवड्याच्या रांगेत उभे राहिलो. (वडा गरम होता, हे मान्य केले पाहिजे.)

नाटक घडते त्या जूनअखेरीच्या रात्री स्वीडनमध्ये धड अंधारही पडत नाही, तरी प्रकाशयोजना गडद निळी होती. ते एक वेळ चालले असते. पण उमराव या नाटकात रंगमंचावर कधीच येत नाही. त्याचे बूट दिसतात आणि त्याची घंटा ऐकू येते, एवढ्यावरच त्याची सारी सत्ता उभी आहे. शेवटी ती घंटा वाजताच ज्याँचा ताठा उतरतो आणि वस्तरा हाती घेतलेल्या ज्यूलीला तो ‘जा’ म्हणतो. ध्वनिमुद्रित केलेली ती घंटा हुबेहूब नाट्यगृहातल्या तिसऱ्या घंटेसारखी होती. ती वाजली तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ सावरून बसले आणि त्यांनी फोन बंद केला.