गवतात कसली सुधारणा? तुम्ही विचारलंत म्हणून

"गवत तर कुणी न लावताही उगवतं, मग त्यात सुधारणा कसली करता?" कामाचं नाव काढलं की हा प्रश्न येतोच. परवा परत आला, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

माझं काम गवताच्या सुधारित जाती तयार करण्याचं. माझी गवतं म्हणजे स्विचग्रास आणि मिस्कॅन्थस, दोन्ही उंच वाढणारी. एकदा लावली की 15-20 वर्षं नांगर नाही, दरवर्षी कापायची, खालून परत फुटतात, उसाच्या खोडव्यासारखी. त्यातून इथेनॉल, बॉयलरचं जळण, कागदाचा लगदा, बोर्ड असं बरंच काही होतं.

धान्याच्या पिकात सगळं लक्ष कणसावर, आमच्याकडे उलटं, तुरा जितका उशिरा तितकी वाढ जास्त. मग काय, उशिरा तुऱ्याची झाडं निवडायची, झालं! मलाही सुरुवातीला असंच वाटायचं. माझ्या पहिल्या प्लॉटमध्ये स्विचग्रासचा एक ठोंब होता, सखल भागातल्या जातीचा, माझ्या डोक्यावर गेलेला आणि बाकीचे वाळले तरी हा हिरवागार. मी त्याला लाल फीत बांधली होती, येईल त्याला दाखवायचे. थंडी सरली, शेजारच्यांना कोंब आले, हा गप्पच. शेवटी फावड्याने उकरला तर खालचे कंद काळे पडलेले, बोटाने दाबले की पाणी यायचं.

झालं असं की ही गवतं वाळताना वरचं नत्र आणि साखर खाली कंद-मुळांत उतरवून ठेवतात, पुढच्या वर्षीचे कोंब त्या शिदोरीवर येतात. हा गडी वाढतच राहिला आणि कडाक्याच्या थंडीने गाठलं. बरं, हिरवं कापलं तर पोटॅश आणि क्लोरीनही गवतातच राहतं, मग बॉयलरमध्ये राख वितळून चिकटते ते वेगळंच. म्हणून सखल भागातल्या उंच जातीचा उंचावरच्या कोरड्या भागातल्या बुटक्या पण काटक जातीशी संकर करायचा.

मिस्कॅन्थसची गोष्ट अजून अवघड. शेतात लावतात तो बहुतेक एकच क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या हुबेहूब प्रती, 1930 च्या दशकात जपानहून डेन्मार्कला आणलेला. तो त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच, म्हणून बी धरतच नाही. तण होऊन पसरत नाही हे चांगलं, पण बेणं म्हणजे कंदाचे तुकडे, खर्चिक काम, आणि त्याचा पुढे संकरही करता येत नाही, परत त्याच्या आईबापांकडेच जावं लागतं.

आणि चांगलं गवत म्हणजे कुठलं हेच मुळात पक्कं नाही. इथेनॉलवाल्यांना लिग्निन, म्हणजे काडीला कडकपणा देणारा घटक, कमी हवं, कारण त्यामुळे आतली साखर सुटी होत नाही. 2011 मध्ये स्विचग्रासमधला लिग्निनचा एक जीन दाबला तर इथेनॉल 38 टक्क्यांपर्यंत जास्त मिळालं. पण जाळणाऱ्याला लिग्निनच हवं, उष्णता त्यातच जास्त.

शिवाय पूर्ण उत्पन्न दिसायलाच दोन-तीन वर्षं लागतात, म्हणजे एका पिढीची निवड तेवढी लांबते. आता रोप ट्रेमध्ये असतानाच डीएनए बघून अंदाज काढतो, बराच वेळ वाचतो. तरी थंडी संपली की मी फावडं घेऊन प्लॉटवर जातेच, लाल फीत तोवर खिशात.