बंदी घातलेला माळी

व्हिक्टर शोस्ट्रम हे नाव आपल्याकडच्या फिल्म सोसायटीवाल्यांना ठाऊक असतं ते स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ चित्रपटातल्या म्हाताऱ्या प्राध्यापकामुळे. स्टॉकहोमला राहायला आल्यावर मला कळलं, की स्वीडिश मूकपटांचा पाया घालणाऱ्यांपैकी हा एक, आणि त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिलाच चित्रपट इथल्या लोकांना जवळपास सत्तर वर्षं बघायला मिळाला नव्हता.

१९१२ सालचा ‘त्रेगोर्ड्समेस्तारेन’, म्हणजे ‘माळी’. पटकथा मॉरिट्झ स्टिलरची, हाही त्या काळचा मोठा स्वीडिश दिग्दर्शक. बागेच्या मालकाचा मुलगा आणि तिथे राबणाऱ्या माणसाची मुलगी यांचं जुळतं. मालक मुलाला लांब धाडतो, काचघरात त्या मुलीवर बलात्कार करतो आणि वर बापलेकींनाच हाकलून देतो. पुढे एका म्हाताऱ्या जनरलचा आधार मिळतो, तोही जातो. शेवटी ती त्याच काचघरात येऊन मरते. मालकाचं काम स्वतः शोस्ट्रमने केलंय. पहिल्याच चित्रपटात स्वतःकडे असं काम घ्यायला धाडस लागतं, असं मला वाटतं.

सेन्सॉर मंडळ आदल्याच वर्षी स्थापन झालं होतं. त्यांनी चित्रपटावर सरळ बंदी घातली. नंतर तो हरवला असंच सगळे धरून चालले होते. मग अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये एक प्रत निघाली.

मी तो फिल्महूसेत, म्हणजे इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या इमारतीत पाहिला, सोबत पियानो होता. काचघराच्या प्रसंगाला वादकाने हात आवरले. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

मायदेशात असलेल्या चित्रपटांचं काय झालं, ते विंटरविकेनला गेलं की कळतं. शहराच्या नैऋत्येला, मेलारेन तळ्याकाठची ही जागा. आल्फ्रेड नोबेलचा नायट्रोग्लिसरीनचा कारखाना इथलाच. आता लोक भाजीचे वाफे करतात, उन्हाळ्यात पोहतात. २२ सप्टेंबर १९४१ रोजी इथल्या गोदामात स्वेन्स्क फिल्मइंडस्ट्री कंपनीच्या जुन्या निगेटिव्हचा स्फोट झाला. त्या काळची फिल्म नायट्रेटची, स्फोटकांच्याच जातकुळीतली. एकदा पेटली की ऑक्सिजन स्वतःच पुरवते, पाण्याखालीसुद्धा जळत राहते. शोस्ट्रम आणि स्टिलर यांच्या कितीतरी चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. मला त्या वाफ्यांजवळ उभं राहिलं की पोटात तुटतं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही आपल्याला पुरा मिळालेला नाही, त्यामुळे हे दुःख परकं वाटत नाही.

म्हणून इथले जाणकार आता परदेशातल्या फिल्मच्या डब्यांवर डोळा ठेवून असतात. परदेशात विकल्या गेलेल्या प्रती कुठे ना कुठे पडून राहतात. स्टिलरचा ‘विंगार्ने’ १९८७ मध्ये नॉर्वेत मिळाला, ‘बॅलेटप्रिमाडोनान’चे तुकडे स्पेनमधल्या सारागोसात.

स्टिलरचा १९१२ चाच ‘दे स्वार्ता मास्केर्ना’, म्हणजे ‘काळे मुखवटे’, अजून बेपत्ता आहे. त्यात गुप्त टोळीच्या तावडीतून सुटणारा लेफ्टनंट आहे, सर्कस आहे, तारेवरची कसरत आहे, आणि शोस्ट्रमबरोबर ‘माळी’मधली लिली बेकही आहे. कुठल्या तरी देशात एखादं रीळ असेल, अशी माझी मनापासून आशा आहे. सापडलं, तर पहिल्या खेळाचं तिकीट काढणाऱ्यांत मी असेन.