फुंका फुंका फुंका... माझी पीएफटी

दोन महिने खोकला जात नव्हता. समोर रिडेव्हलपमेंट चालू आहे त्यामुळे सगळं खापर धुळीवर फोडलं, आईने हळद-दूध पाजलं, पण रात्री तीनला छातीत शिट्टी वाजायला लागली तेव्हा गेलो बाबा डॉक्टरांकडे. त्यांनी पीएफटी, म्हणजे फुंकर मारून करायची फुफ्फुसांची तपासणी सांगितली आणि म्हणाले सकाळी पंप (इनहेलर) मारून येऊ नका, पोटभर जेवूनही नको.

परळला एका लॅबमध्ये गेलो. नाकाला क्लिप, तोंडात पुठ्ठ्याची नळी, ओठ घट्ट. मला वाटलं फुंकर मारायची म्हणजे काय मोठं. मारली. टेक्निशियन ताई म्हणाल्या, "अहो वाढदिवस नाहीये, छाती फुटेल असं मारा!" मग छाती भरून श्वास घेतला आणि सोडला तर त्या दहीहंडीला ओरडतात तसं "फुंका फुंका फुंका, अजून अजून, थांबू नका", सहा सेकंद म्हणजे किती असतात ते तेव्हा कळलं, डोळ्यापुढे काजवे. आणि हे एकदा नाही, तीन फुंकरी नीट जुळेपर्यंत, मी सहा मारल्या.

गंमत म्हणजे मी इतके दिवस समजत होतो की मला श्वास *घेता* येत नाही. ताईंनी ग्राफ दाखवला तर प्रॉब्लेम सोडण्यात. श्वास सोडताना बारीक नळ्या तशाही थोड्या आवळतात, दम्यात त्यांच्याभोवतीचे स्नायू आधीच आवळलेले आणि आतून सूज, मग हवा आतच अडकते, नवीन घ्यायला जागा कुठून राहणार. माझी पूर्ण फुंकर 3.06 लिटर आणि त्यातली पहिल्या सेकंदात फक्त 1.9, म्हणजे 62 टक्के. 70 च्या खाली आलं की नळ्या अडल्यात असं धरतात. (कितीही जोर लावा, लिटरभर तरी हवा आत उरतेच म्हणे, ती या मशीनला दिसतच नाही.)

मग साल्बुटामॉल, म्हणजे नळ्या मोकळ्या करणारं औषध दिलं, 15 मिनिटं बसवलं, हात थरथरायला लागले ते नॉर्मल आहे, आणि परत फुंकर. पहिल्या सेकंदाचे 1.9 चे 2.3 झाले. 12 टक्के आणि 200 मिली वाढलं तरी पुरतं, माझे 400 वाढले. म्हणजे दमाच, वयाच्या 38 व्या वर्षी.

आता रोजचा स्टिरॉइडचा पंप, स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून, नंतर चूळ भरायची नाहीतर तोंड येतं.

निघताना बाकावरच्या आजोबांनी हळूच विचारलं, दुखतं का हो? म्हटलं नाही आजोबा, नुसत्या ओरडतात.